चौदाव्या ओळीचा खुंट

माझ्या भावाने माझा उजवा हात मोडला, त्याला आता चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात मनगटाची दोन हाडं मोडली. मी म्हणते तीस वर्षांचं काम मोडलं, कारण याच हाताने मी आजवर हजारो रोपांना डोळे भरले. डोळा भरणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते. मोसंबीचं झाड एक नसतं, दोन असतात. खालचं मूळ एका झाडाचं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. त्या खुंटाच्या सालीला चीर द्यायची, मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा लागला की खुंटाचं डोकं उडवायचं. मग जन्मभर पाणी खुंटाने ओढायचं आणि फळं मोसंबीने मिरवायची. घरातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या घरात राग नाकावर नसतो, हातात असतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. रोपवाटिका त्यांची, तीनशे झाडांची बाग त्यांची, आणि दारामागे खिळ्याला टांगलेला पाण्याच्या नळीचा हातभर तुकडाही त्यांचाच. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. तो तुकडा भावाने फेकून दिला. त्याला त्याची गरज नव्हती, त्याचे हात पुरेसे होते. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. लोक त्याला तोंडावर तोफ म्हणतात आणि त्याला ते आवडतं. एकदा विहिरीवरची मोटर जळली तेव्हा त्याने ती घणाने फोडली, आणि दुरुस्तीवाला हसला म्हणून त्याचे दोन दात पाडले. भावजय दोनदा घर सोडून गेली, दोनदा परत आली. तिसऱ्यांदा गेली ती अजून आलेली नाही. खाण तशी माती, दुसरं काय.

मला स्वतःला वगळत नाही. मीही त्याच खाणीतली.

पाच वर्षांपासून आमच्या विहिरीचं पाणी खारं होत चाललं होतं. आधी चहा बिघडला, मग बाग. पानांची टोकं डाग दिल्यासारखी करपली, मग पानंच गळली, मग फळं लिंबाएवढी होऊन थांबली. ठिबकच्या नळ्यांखाली मातीवर पांढरी साय धरली. तोफ रोज सकाळी बागेत जायचा आणि झाडांना शिव्या घालायचा, एखाद्या झाडाला लाथ घालायचा, जणू ती मुद्दामच मरत होती. फक्त एक झाड हिरवं होतं. चौदाव्या ओळीतलं शेवटचं, पंपाच्या खोलीला लागून. तिथला नळाचा जोड गळका, त्यामुळे खारं पाणी सगळ्यात जास्त त्यालाच मिळायचं. तरी त्याची पानं गडद, फळं मुठीएवढी. तोफ म्हणायचा, एवढ्या हरामखोरांत एकच इमानदार निघालं.

शेवटी त्याने बाग उपटायची ठरवली. जागा एका गोदामवाल्याला द्यायची, यंत्राची तारीखही पक्की केली. बाग गेली की मी काय करायचं, हे मला कुणी विचारलं नाही. मी लग्न केलं नाही, दुसरं काही शिकले नाही. माझी खोली म्हणजे बागेतली शेड, एका बाजूला खाट आणि तिन्ही बाजूंना रोपांच्या पिशव्या. गोदामाच्या नकाशात त्या शेडवर वजनकाटा होता. तो नकाशा तोफेने मला दाखवला, आणि वजनकाटा किती मोठा आहे हेही कौतुकाने सांगितलं.

माझी भाची, तोफेची एकुलती एक मुलगी, फळझाडांच्या संशोधन केंद्रात काम करते. तिने फोनवर हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी येऊन थडकली. ते एक हिरवं झाड बघून ती त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून आली. तिचं म्हणणं असं की झाडाला काही संकट आलं तर पळून जाता येत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते जागेवर उभं राहूनच. काही झाडांच्या आत त्यासाठी जनुक असतं. एरवी ते झोपलेलं असतं. मुळाशी मीठ साचायला लागलं की जागं होतं आणि मुळाच्या पेशींना मीठ अडवायला लावतं. पाणी वर जातं, मीठ दाराशीच राहतं. या झाडात तसं काही सापडलं तर केंद्र सगळी बाग दहा वर्षांसाठी प्रयोगाला घेईल, नवीन झाडं लावेल आणि काम आम्हीच बघायचं. नाहीतर गोदाम आहेच.

तोफ हसला. म्हणाला, "म्हणजे मार बसल्याशिवाय जागं होत नाही. अण्णा हेच सांगायचे."

"आधीपासून आत असेल तरच जागं होतं, बाबा," ती म्हणाली. "ज्याच्यात नाही ते नुसतं मरतं."



तिने त्या झाडाची पाच पानं तोडली, शेजारच्या झाडांची पाच, बारीक नळ्यांत भरून धूर सोडणाऱ्या थंडगार डब्यात ठेवली. ठेवताना तिने विचारलं, या सगळ्या झाडांचा खुंट एकच ना? तोफेने अण्णांची वही काढून दाखवली. अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, सगळी बाग एकाच खुंटावर. मग भाची म्हणाली की मुळं सारखीच असतील तर फरक वरच्या भागात असणार, कधी कधी एखाद्या डोळ्यातच आपोआप बदल होतो, म्हणून पानंच तपासायला हवीत. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं की बागेतलं माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

"वहीत आहे ते आहे," मी म्हणाले.

वहीत होतं ते खोटं होतं. त्या झाडाचा खुंट वेगळा होता, आणि तो मी लावला होता. पण मला वाटलं, एवढं मोठं केंद्र, एवढी यंत्रं, त्यांना सगळं दिसेलच.

मी अठरा वर्षांची होते. आमच्या गावाबाहेर खारवट माळ होता, गवतही उगवायचं नाही असा पांढरा. त्याच्या कडेला रानलिंबाची काटेरी झुडपं होती, आणि ती मजेत होती. मी त्यांच्या बिया आणल्या, शेडमागे बेचाळीस रोपं केली, त्यांवर मोसंबीचे डोळे भरले. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी नळी काढली असती, म्हणून विचारलं नाही. चौदाव्या ओळीत एक झाड मेलं होतं, तिथे त्यातलं एक गुपचूप लावून टाकलं. बाकी एक्केचाळीस पिशव्यांत होती. एका दुपारी अण्णा थेट शेडमागे आले, इकडेतिकडे न बघता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. रोपवाटिकेत रानटी काटे आणले म्हणून त्यांनी सगळ्या पिशव्या एकावर एक रचल्या, त्यांवर रॉकेल ओतलं आणि काडी मला ओढायला लावली. मी ओढली नाही तेव्हा नळी बसली. दहाव्या की बाराव्या फटक्याला मी काडी ओढली. हिरवी रोपं जळताना शिजल्यासारखा वास येतो. आठ दिवस मला पाठ टेकता येत नव्हती. पुढे त्या माळावरून मोठा रस्ता गेला आणि झुडपंही गेली. बेचाळिसावं तेवढं ओळीत उभं राहिलं, आणि मी त्याबद्दल कुणाला चकार शब्द काढला नाही.

भाचीचा फोन आला तो शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. शेडमध्ये तोफ, गोदामवाला आणि मी चहा घेत होतो. गेले तीन आठवडे तोफेने गावभर सांगितलं होतं की आपल्या बागेत सोन्याचं झाड आहे, शास्त्रज्ञ रांग लावणार आहेत. गोदामवाल्याला त्याने मुद्दाम बोलावलं होतं, त्याच्या तोंडावर नाही म्हणता यावं म्हणून. फोन त्याने मोठ्या आवाजावर लावला.

भाची म्हणाली की पानांत वेगळं काही नाही. शेजारच्या झाडांसारखंच आहे सगळं. तिला वाईट वाटतंय.

गोदामवाल्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त कुठे बसलोय ते कळलं नाही.

तोफेने हातातला कप त्याच्या तोंडावर मारला. कप कपाळावर फुटला, भुवई फाटली, रक्त आणि चहा मिळून त्याच्या सदऱ्यावर आले. तो ओरडायच्या आत तोफेने त्याला खुर्चीसकट पाडलं आणि बरगडीत दोन लाथा घातल्या. मग कोपऱ्यातली साखळीची करवत उचलून तो बाहेर पडला. मी त्याच्या मागे धावले. चौदावी ओळ लांब आहे, आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. मी पोहोचले तेव्हा करवत चालू झाली होती.

मी ओरडले की मूळ वेगळं आहे. करवतीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ओला भुसा माझ्या तोंडावर उडत होता. तीस वर्षांचं खोड दोन मिनिटांत कापलं गेलं, आणि झाड फळांसकट पंपाच्या खोलीवर कोसळलं. पत्रा वाकला. मोसंब्या चिखलात सगळीकडे घरंगळल्या. करवत बंद करून त्याने पंपाच्या खोलीतून औषधाचा डबा आणला. कापलेल्या बुंध्यावर ते ओतलं की मुळापर्यंत जातं आणि झाड पुन्हा फुटत नाही. उपटायच्या बागेला असंच करतात.

मी बुंध्यावर जाऊन बसले. त्याला सांगितलं की वरचं कापलंस ते कापलंस, खालचा खुंट माझा आहे, रानलिंबाचा. मीठ तोच अडवतो. ते मोसंबीच्या पानात सापडणार कसं?

तोफ माझ्याकडे बघत राहिला. त्याला पटलं होतं, मला दिसलं ते. आणि पटलं म्हणूनच तो बिथरला, कारण झाड आता त्याच्या पायाशी आडवं पडलेलं होतं.

"तीस वर्षं काय तोंड शिवलं होतं?" तो म्हणाला.

त्याने माझे केस धरून मला ओढलं. मी त्याच्या दंडाचा चावा घेतला, दात हाडाला लागेपर्यंत. तो किंचाळला आणि मला सोडायचं सोडून उजवं मनगट पकडून त्याने मला पंपाच्या खोलीच्या लोखंडी दारावर आपटलं, एकदा, मग हात पिरगाळून पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मी खाली पडले. तोफेने डबा उचलून बुंध्यावर उपडा केला. निळसर औषध कापावरून खाली सांडायला लागलं. तेवढ्यात गोदामवाला रक्ताने माखलेला आला आणि मागून त्याने तोफेच्या डोक्यात फावडं घातलं. पातं आडवं बसलं म्हणून वाचला. डबा हातातून उडाला, तोफ माझ्या पायांवर पडला.

मी पाय सोडवले आणि डाव्या हाताने पंपाची मोठी कळ फिरवली. गळक्या जोडातून खारं पाणी भसकन आलं. बुंधा धुऊन निघेपर्यंत मी कळ बंद केली नाही. ओलांडून जाताना माझा पाय तोफेच्या हातावर पडला. चुकून नाही पडला.

दवाखान्यात मी खरं ते सांगितलं, हात भावाने मोडला. पोलिसांनी जबाब घेतला, तोही खराच दिला. तोफ डोक्याला सात टाके घेऊन दोन दिवस कोठडीत राहिला, मग सुटून एका मित्राकडे राहायला गेला. गोदामवाल्याने आमच्या जागेचा नाद सोडला. भाची आली, माझ्या खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मला का नाही सांगितलंस?"

मी म्हणाले की मला वाटलं यंत्राला दिसेल.

"यंत्राला पान दिलं तर यंत्र पानच वाचणार," ती म्हणाली. ती रडली नाही. तिचा राग आमच्यासारखा नाही, तो आतच राहतो, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ती सरळ बागेत गेली, बुंध्याखाली खणलं, मुळांचे तुकडे नेले. चार दिवसांनी फोन आला. मुळात ते जनुक होतं, आणि त्यांच्या केंद्रातल्या कुठल्याच खुंटात नाही अशा प्रकारचं. आडात होतं, पोहऱ्यात नव्हतं, एवढाच घोटाळा. केंद्राचे प्रमुख बाग घ्यायला तयार झाले, पण त्यांना जिवंत झाड हवं होतं. कागदावरचं जनुक जमिनीत लावता येत नाही.

आणि खुंट मरत होता. मी धुतलं तरी औषध अर्धं आत गेलंच होतं. मुळं काळी पडत चालली, बोटाने दाबलं की साल सुटून हातात यायची. भाचीने आणि मी अकरा तुकडे वाळूत लावले. अकराही कुजले. मी रोज सकाळी गळ्यात अडकवलेला हात घेऊन तिथे जाऊन बसायचे आणि त्या बुंध्याला शिव्या घालायचे. नंतर लक्षात आलं, तोफ घालायचा त्याच शिव्या.

पाचव्या आठवड्यात फूट आली. बुंध्यावर नाही, तिथून दोन हात लांब, पंपाच्या खोलीकडच्या एका मुळातून, जिथे औषध पोहोचलं नव्हतं. एकच. बारीक, लालसर, काटे आधी आणि पानं नंतर. मला इतका आनंद झाला की मी तिथेच मातीत बसून मोठ्याने हसले. भाचीने बजावलं की हात लावू नकोस, जून होऊ दे, पेन्सिलीएवढी झाली की मी माणसं घेऊन येते. मी फुटीभोवती जाळी लावली. हाडं नीट जुळली नाहीत म्हणून माझा हात पुन्हा मोडून पुन्हा प्लास्टरात घातला होता. त्याचं मला काही वाटलं नाही.

भाची गुरुवारी येणार होती. मंगळवारी सकाळी तोफ आला.

मी जाळी काढून फूट बघत बसले होते. तो ओळीतून चालत आला, डोक्यावरचे केस टाक्यांपाशी अजून वाढले नव्हते. माझ्यासमोर उकिडवा बसला. आमच्या दोघांच्या मध्ये ती फूट. त्याने विचारलं, हीच का? मी मान हलवली. त्याला माफी मागायची होती, आणि आमच्या घरात ती कुणी कधी मागितलेली नसल्यामुळे तिची सुरुवात कुठून करतात ते त्याला माहीत नव्हतं. दुखतंय का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, तुला काय वाटतं? त्याने माझ्या प्लास्टरकडे बघितलं, डोळे भरून आले त्याचे, आणि तो म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी..."

आणि बोलता बोलता त्याच्या अंगठ्याने ती फूट मुळापाशी दाबून उपटली.

बागवाल्याशिवाय कुणाला हे समजायचं नाही. खुंटावरची फूट वरच्या झाडाचं अन्न खाते, म्हणून ती दिसली की काढायची, असं आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. ज्याच्या ओळीत फूट राहिली त्याच्या पायांवर अण्णांची नळी. झाडाजवळ बसलं की अंगठा आपोआप खाली जातो, डोकं दुसरीकडे असलं तरी. तोफेचं लक्ष माझ्या मोडलेल्या हाताकडे होतं. तळव्यात काटा रुतला तेव्हा त्याने खाली बघितलं.

मी प्लास्टरचा हात उचलला आणि त्याच्या कानशिलात घातला. तो आडवा झाला. दुसरा घातला तेव्हा प्लास्टरला तडा गेला आणि माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने हात वर केला नाही. फूट त्याच्या मुठीत तशीच होती, रक्त लागलेली. तिसरा घालायला मी हात उचलला आणि त्या मुठीकडे बघून थांबले.

त्याला म्हणाले, "मूठ उघड. ऊठ. शेडमध्ये चल, सुरी काढ."

फुटीवर सात डोळे होते. दोन फार कोवळे, पाच भरता येण्याजोगे. शेडमध्ये साध्या खुंटाची रोपं होतीच. एक जरी डोळा लागला तरी त्याची फांदी होईल, फांदीला फळं, फळांत बिया, बियांचे पुन्हा खुंट. पण तोडलेली फूट उन्हाळ्यात तास-दीड तास टिकते, भाची चार तासांवर, आणि माझा हात हा असा. भरायचे ते तोफेलाच. त्याने अण्णा गेल्यापासून सुरी धरली नव्हती. ज्या हातांनी त्याने दात पाडले, मोटर फोडली, मला दारावर आपटलं, त्याच हातांनी आता सालीला चीर द्यायची होती.

पहिला डोळा त्याने चिरडला. मी शिवी दिली नाही, नुसतं सांगितलं, हळू, पान काप पण देठ ठेव, देठाला धरून सरकव, आतल्या ओल्या बाजूला बोट लावू नकोस. दुसरा बसला. तिसरा बसला. घाम त्याच्या नाकावरून सुरीवर पडत होता. चौथ्याची पट्टी बांधताना तो मान वर न करता म्हणाला, "अण्णांना मीच सांगितलं होतं. शेडमागच्या रोपांचं."

"माहीत आहे," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझ्याशिवाय तिथे कुणी येत नव्हतं."

तो चौदा वर्षांचा होता. त्याच्या ओळीत त्या दिवशी दोन फुटी राहिल्या होत्या, आणि माझं नाव सांगितलं तर स्वतःचा मार चुकेल असं त्याला वाटलं. हे त्याने पट्टीचे वेढे देत देत सांगितलं. मार चुकला का, असं मी विचारलं. नाही म्हणाला, मी जळत्या रोपांपाशी पडले होते तेव्हा अण्णांनी त्याला घरात नेऊन वेगळा दिला होता. हे मात्र मला माहीत नव्हतं.

आता मलाही सांगावं लागणार होतं. मी गप्प बसले ते यंत्रावर भरवसा होता म्हणून नाही. मी कलमं करणारी बाई आहे, पानातून मूळ कळत नाही हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मी गप्प बसले कारण तोफ गावभर बढाया मारत होता आणि त्याच्या बागेतलं एकच झाड मी उभं केलेलं आहे हे फक्त मला माहीत होतं. ते मला गोड लागत होतं. त्याची फजिती मला बघायची होती. फजिती झाली की मग सांगीन, असा माझा विचार होता. करवतीचा विचार मी केला नव्हता.

"मुलीने विचारलं तेव्हाच मला सांगता आलं असतं," मी म्हणाले. "मुद्दाम नाही सांगितलं. तुझं नाक कापलं जावं म्हणून."

त्याचे हात थांबले. सुरी उजव्या हातात होती. मी त्या हाताकडे बघत राहिले, कारण आमच्या घरात यानंतर काय होतं ते मला माहीत आहे. त्याची मान लाल झाली, जबडा आवळला. शेडमधून पळायला एकच दार, आणि ते त्याच्या मागे.

त्याने सुरी पुसली आणि पाचवा डोळा कापला. देठाला धरून चिरेत सरकवला, पट्टी बांधली, गाठ मारली. मग पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "घट्ट झालंय का बघ."

डोळा लागला की नाही ते एकविसाव्या दिवशी कळतं. देठाला बोट लावायचं. सुकून चिकटलेला असेल तर डोळा मेला. बोट लागताच गळून पडला तर जगला. भाची आली होती, केंद्राचे प्रमुखही आले होते, आणि सगळे शेडच्या दाराशी उभे होते. तोफ हात लावायला तयार होईना. मी डाव्या हाताचं बोट लावलं. दुसऱ्याचा देठ चिकटून बसलेला, तिसऱ्याचाही, चौथ्याचाही. पाचव्याला मी बोट लावलं, आणि देठ मातीवर पडला.

प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. भाची खाली बसून रडायला लागली, पहिल्यांदाच. तोफ बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिला. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानेही मला केलं असेल असं वाटत नाही, आम्ही विचारलेलं नाही. तो आता शेडमध्ये रोज येतो, बाकीच्या रोपांना पाणी घालतो, आणि त्या पिशवीजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून जातो.